खुब्याच्या सांधेरोपणानंतरची निद्रा : शय्या, स्थिती आणि वैद्याचे कर्तव्य

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सांगितले आहे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या बाबतीत यांतील दुसरा उपस्तंभ सर्वांत आधी डळमळतो. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाची तक्रार ऐकावी, तर ती बहुधा चालण्याविषयी नसते. "दिवस कसाही जातो, रात्र सरत नाही," हेच त्याचे पहिले वाक्य असते.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील रुग्ण या शस्त्रक्रियेसाठी प्रायः पुण्यास जातात. काही दिवसांनी टाके, वॉकर आणि औषधांची पिशवी घेऊन ते घरी परततात. शल्यवैद्य त्यानंतर त्यांना ठरलेल्या तारखांनाच भेटतात. मधल्या काळात रात्री झोप येत नाही म्हणून निरोप येतो तो गावातील वैद्याकडे. अशा वेळी एखादे निद्राजनक चूर्ण, थोडे तेल आणि जमल्यास बस्ती असा विचार आपल्या मनात सहज येतो. प्रस्तुत लेखाचे सांगणे असे की, या रुग्णाच्या बाबतीत औषधाचा विचार शेवटी करावा. प्रथम त्याची शय्या पाहावी, मग झोपण्याची स्थिती पाहावी आणि त्यानंतर अंथरुणापासून शौचालयापर्यंतची वाट पाहावी. इतकेच नव्हे, तर आपल्या नित्याच्या उपचारांपैकी काही उपचार या काळात अपायकारक ठरतात, हेही ध्यानी ठेवावे.

उलूखल संधी आणि कृत्रिम सांधा

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात संधींचे आठ प्रकार सांगितले असून वंक्षणातील संधीची गणना उलूखल प्रकारात केली आहे. ही उपमा अत्यंत समर्पक आहे. ऊर्वस्थीचे गोल शिर श्रोणीच्या खोलगट भागात उखळातील मुसळाप्रमाणे बसलेले असते. फरक इतकाच की, निसर्गाने हे मुसळ स्नायू, बंध आणि संधिकोष यांनी उखळात घट्ट बांधून ठेवले आहे.

सांधेरोपणात झिजलेले शिर काढून धातूचे किंवा सिरॅमिकचे शिर बसवितात आणि उखळाच्या जागी नवी वाटी बसवितात. इंग्लंडमधील शल्यवैद्य जॉन चार्नली यांनी १९६२ साली या शस्त्रक्रियेला आजचे विश्वसनीय रूप दिले. त्यांच्या कृत्रिम शिराचा व्यास सुमारे २२ मि.मी. होता. आज २८, ३२ किंवा ३६ मि.मी. व्यासाची शिरे प्रामुख्याने वापरली जातात. शिर जितके मोठे, तितके ते वाटीतून निसटणे अवघड. त्यामुळे पूर्वीइतकी कडक बंधने आज सर्वच रुग्णांना घातली जात नाहीत. तथापि नवे उखळ-मुसळ कितीही उत्तम असले, तरी त्यांना बांधून ठेवणारा संधिकोष शस्त्रक्रियेत छेदावा लागतो आणि तो भरून येण्यास साधारणतः सहा ते बारा आठवडे लागतात. सांधा निखळण्याचा धोका प्रामुख्याने याच काळात असतो.

येथे वैद्याने एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. घरातली माणसे "खुब्याचे ऑपरेशन" एवढेच सांगतात; परंतु या नावाखाली तीन वेगवेगळ्या शस्त्रक्रिया येतात. वृद्धांच्या अस्थिभग्नात कधी केवळ शिर बदलतात, कधी शिर व वाटी दोन्ही बदलतात, तर कधी मूळ हाडच खिळे-पट्टीने जोडतात. पहिल्या दोहोंत सांधा निखळण्याची भीती असते. तिसऱ्यात ती नसते, पण पायावर भार किती द्यावा याचे बंधन असते. शिवाय छेद मागील बाजूने घेतला आहे, बाजूने की पुढून, यावर निषिद्ध हालचाली ठरतात. ही माहिती रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर असते. ते वाचल्याविना कोणताही सल्ला देऊ नये. कार्डावरील सूचना आणि हा लेख यांत भेद दिसल्यास कार्डावरील सूचनाच प्रमाण मानावी.

धोका झोपेतच का?

छेद मागील बाजूने घेतलेल्या रुग्णास तीन हालचाली वर्ज्य असतात. मांडी पोटाकडे काटकोनापेक्षा अधिक वाकवू नये. शस्त्रक्रियेचा पाय शरीराच्या मध्यरेषेपलीकडे नेऊ नये. पाऊल व गुडघा आतल्या बाजूस वळवू नये. जागेपणी रुग्ण हे नियम आठवणीने पाळतो. शिवाय जागेपणी स्नायूंना ताण असतो आणि वेदना पहारा देत असते. गाढ झोपेत स्नायू शिथिल होतात व पहाराही उठतो.

आता नेहमीची झोपण्याची रीत डोळ्यांपुढे आणावी. मनुष्य निरोगी बाजूच्या कुशीवर वळतो. वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढे येतो आणि गुडघा अंथरुणास टेकतो. या एका स्थितीत वरील तीनही निषिद्ध हालचाली एकाच वेळी घडतात. ज्याला आपण अत्यंत सुखाची झोप म्हणतो, तीच या रुग्णाची सर्वांत धोक्याची स्थिती होय. हे एकदा समजले की पुढील सर्व नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात.

पुढून छेद घेतलेल्या रुग्णाचे नियम वेगळे असतात. त्यास पाय मागे ताणणे व बाहेर वळविणे वर्ज्य असते. पालथे झोपणे मात्र दोन्ही प्रकारांत टाळावे.

शय्या

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील व्रणितोपासनीय अध्यायात व्रणी पुरुषाच्या खोलीचे व शय्येचे वर्णन आहे. खोली स्वच्छ असावी, तीत थेट ऊन वा वारा नसावा. शय्या ऐसपैस व नीट अंथरलेली असावी, असे तेथे सांगितले आहे. उठताना, निजताना, कूस पालटताना व चालताना व्रणाचे सावधपणे रक्षण करावे, असेही आचार्य बजावतात. चिकित्सास्थानात भग्नाच्या प्रकरणी ते याहून पुढे जातात. जंघा व ऊरू यांच्या भग्नात रुग्णास फळीच्या शय्येवर, म्हणजे कपाटशयनावर निजवावे आणि पाय हलू नये म्हणून पाच खुंट्या ठोकाव्यात, असा त्यांचा आदेश आहे. संधीच्या दोन्ही बाजूंस दोन दोन आणि तळव्याशी एक. आज या रुग्णास खिळवून ठेवावयाचे नाही. उलट शस्त्रक्रियेनंतर लवकरच चालवावयाचे असते. परंतु शय्या कठीण असावी आणि पायाचे नियंत्रण शय्येनेच करावे, हे तत्त्व आजही तंतोतंत लागू आहे.

आपल्याकडील घरांत तीन प्रकारची अंथरुणे आढळतात. पहिले जमिनीवरचे. वाकळ किंवा गोधडी अंथरून झोपण्याची सवय कितीही जुनी असली, तरी जमिनीवरून उठताना मांडी पोटाशी येतेच. ते किमान तीन महिने व नंतरही शल्यवैद्यांच्या संमतीविना नको. दुसरे अंथरूण म्हणजे सुंभाची बाज अथवा सैल नवारीची खाट. तिच्या मध्यभागी झोळ पडतो, कंबर खाली जाते, गुडघे वर येतात आणि दोन्ही मांड्या एकमेकींकडे ओढल्या जातात. ही बाज जमिनीइतकीच घातक आहे. तिसरे म्हणजे लाकडी दिवाण किंवा पत्र्याची लोखंडी खाट. तीवर सुमारे चार इंच जाडीची घट्ट कापसाची गादी घातली की ती योग्य शय्या होते.

शय्येची उंची मोजण्यासाठी टेप लागत नाही. रुग्ण कडेवर बसला असता त्याचे दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकावेत आणि खुबा गुडघ्यापेक्षा दोन-तीन इंच वर असावा. खाट कमी उंचीची असल्यास तिच्या पायांखाली सुट्या विटा रचू नयेत, त्या सरकतात. सुताराकडून मध्ये खाच असलेले चार लाकडी ठोकळे करून घ्यावेत व खाटेचे पाय त्या खाचांत बसवावेत. खाट भिंतीलगत ठेवायची झाल्यास निरोगी बाजू भिंतीकडे व शस्त्रक्रियेची बाजू मोकळी राहील अशी ठेवावी. याचे कारण पुढे येईल.

झोपण्याची स्थिती

पहिले सहा आठवडे उताणे झोपणे सर्वांत सुरक्षित. दोन्ही पायांमध्ये घट्ट उशी ठेवावी. सावरीच्या कापसाची मऊ उशी तासाभरात दबते; त्यापेक्षा गोधडीची घट्ट गुंडाळी बरी. ही गुंडाळी केवळ गुडघ्यांमध्ये ठेवून भागत नाही. ती मांड्यांपासून घोट्यांपर्यंत पोहोचावी, अन्यथा पाऊल आत पडते व त्याबरोबर संपूर्ण मांडी आत वळते. बोटे छताकडे असावीत. झोपेत गुंडाळी निसटत असेल, तर रुंद सुती पट्टीने ती सैलसर बांधावी. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला पट्टी आवळली जाऊ नये. तेथून जाणाऱ्या नाडीवर दाब आल्यास पाऊल लुळे पडण्याचा संभव असतो.

गुडघ्याखाली जाड उशी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण त्याने क्षणभर बरे वाटते. मात्र तासन्‌तास तशी उशी ठेवल्याने खुब्याचा पुढचा भाग आखडतो आणि पोटरीतील रक्ताभिसरण मंदावते. वृद्ध व मधुमेही रुग्णांच्या टाचा दाबाने लाल होतात. त्यासाठी घोट्याच्या किंचित वर पातळ घडी ठेवून टाच अधांतरी राहील असे पाहावे. जागे असताना दर तासाला दहा-पंधरा वेळा पाऊल वर-खाली हलविण्यास सांगावे. रात्री जाग आली की हेच करावे.

उताणे झोपण्याची सवय नसलेल्या रुग्णास फार कष्ट होतात. व्रण भरून आल्यावर व शल्यवैद्यांनी अनुमती दिल्यावर त्यास निरोगी बाजूच्या कुशीवर झोपविता येते. त्या वेळी वरच्या पायाखाली मांडीपासून पावलापर्यंत आधार इतका उंच असावा की पाय अंथरुणाशी समांतर राहील, पुढे घसरणार नाही. पाठीमागे दुसरी गुंडाळी ठेवावी. वळताना दोन्ही पाय व मधली उशी एकत्र, ओंडका वळवावा तशी वळवावी. कंबर पुढे आणि पाय मागे असे होऊ नये. शस्त्रक्रियेच्या बाजूवर झोपणे व्रण दुखेनासा होईपर्यंत टाळावे व नंतरही विचारूनच सुरू करावे.

जो रुग्ण मोठ्याने घोरतो, झोपेत ज्याचा श्वास थांबतो, त्याचा त्रास उताणे झोपल्याने वाढतो. तीव्र वेदनाशामके चालू असल्यास तर हे धोक्याचे असते. त्याची छाती व डोके उशांनी थोडे उंच करावे. मात्र इतके उंच नको की खुब्यात काटकोन होईल. ही गोष्ट शल्यवैद्यांच्या कानी अवश्य घालावी.

पांघरूण, वस्त्र आणि रात्रीची वाट

सांधा निखळण्याचा एक अगदी साधा प्रसंग म्हणजे पायथ्याशी गेलेली चादर ओढून घेणे. रुग्ण अर्धवट झोपेत उठून बसतो, पुढे वाकतो आणि काटकोनाची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून पांघरूण कमरेपाशी घडी करून ठेवावे. हिवाळ्यात जुन्नरची थंडी कडक असते. तरी एक जड रजई घालण्यापेक्षा दोन हलकी पांघरुणे बरी, कारण जड रजईचा भार पावलांना वळवितो. पाणी, विजेरी, भ्रमणध्वनी आणि हाक देण्यासाठी घंटी या वस्तू शस्त्रक्रियेच्या बाजूलाच, हात लांबविताच मिळतील अशा ठेवाव्यात.

नऊवारी लुगडे नेसणाऱ्या आजींना रात्रीपुरता तरी सैल गाऊन घालण्यास सांगावे. निऱ्या व पदर वॉकरच्या पायात अडकतात. पुरुषांनी सुटे धोतर टाळून पायजमा घालावा. घरातील सुनेने किंवा मुलीने हे सांगितले तर आजी ऐकत नाहीत. वैद्याने सांगितले तर ऐकतात, असा सर्वांचा अनुभव आहे.

अंथरुणातून उतरताना शस्त्रक्रियेच्या बाजूने उतरावे. उजवा खुबा असेल तर उजवीकडून. असे केल्याने तो पाय प्रथम बाहेर जातो व मध्यरेषा ओलांडत नाही. दुसऱ्या बाजूने उतरल्यास तोच पाय आत ओढला जातो. याच कारणास्तव खाटेची ती बाजू मोकळी ठेवावयाची. कडेवर आल्यावर पाय किंचित पुढे ठेवून, हातांनी गादीवर जोर देऊन उठावे. वॉकरला धरून स्वतःस ओढू नये. उठण्यापूर्वी दोन मिनिटे कडेवर बसावे, म्हणजे भोवळ येत असल्यास कळेल.

आता वाटेविषयी. उंबरा, ओली न्हाणी आणि शेणाने सारवलेली मऊ जमीन या तीन ठिकाणी वॉकर फसतो. अनेक वस्त्यांवर शौचालय घराबाहेर परड्यात असते. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसाबरोबर बिबट्याही वस्तीलगत आला. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र हे त्याचेच द्योतक होय. वॉकर घेऊन हळूहळू चालणाऱ्या वृद्धाने रात्री अंगण ओलांडू नये, हे सांगण्यास वैद्य लागत नाही. परंतु पर्याय मात्र वैद्याने सुचवावा. उंच बैठकीची कमोड खुर्ची खाटेजवळ ठेवावी. पुरुषांसाठी मूत्रपात्र पुरेसे होते. याच कारणाने ओसरीवर किंवा पडवीत झोपण्याची उन्हाळ्यातील सवयही या वर्षी मोडावी.

आणखी एक गोष्ट शेतकरी कुटुंबात विशेषेकरून विचारावी. कृषिपंपांना रात्रीची वीज असली की घरचे कर्ते पुरुष पाणी भरण्यास शेतावर जातात. त्या रात्री रुग्णाजवळ कोण असते? ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असेल, त्या आठवड्यात शेजारच्या घरातील कोणी सोबतीस निजेल अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी. प्रिय बोलणाऱ्या सुहृदांनी व्रणी पुरुषाजवळ बसून गोष्टींनी त्याची वेदना हलकी करावी, असे सुश्रुताचार्य सांगतात. सोबतीचे मोल त्यांनी चिकित्सेत धरले आहे.

निद्राजनक उपाय : ग्राह्य आणि वर्ज्य

चरकसंहितेच्या अष्टौनिन्दितीय अध्यायात निद्रानाशावर अभ्यंग, उत्सादन, स्नान, मांसरस, दधियुक्त शाल्योदन, दूध, स्नेह, मनास सुख देणारे गंध व शब्द, संवाहन, शिर व मुख यांवरील लेप, सुखकर शय्या आणि योग्य काळ असे उपाय सांगितले आहेत. हीच यादी घेऊन या रुग्णापुरता विवेक करावा.

शिरोभ्यंग ग्राह्य आहे. कोमट तेलाचा थोडासा उपयोग करून हलक्या हाताने दहा मिनिटे टाळू व कानशिले चोळावीत. पादाभ्यंग केवळ तळव्यांपुरता करावा, तोही दुसऱ्याने. रुग्णाने स्वतः वाकून नव्हे. नंतर तळवे कोरड्या कापडाने स्वच्छ पुसावेत, अन्यथा रात्री उठताना पाय घसरेल.

शस्त्रक्रियेच्या पायाच्या पोटरीचे व मांडीचे अभ्यंग, मर्दन व संवाहन पूर्णतः वर्ज्य समजावे. या शस्त्रक्रियेनंतर पोटरीच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव असतो आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. व्रणावर तेल लागल्यास जंतुसंसर्गास वाट मिळते आणि कृत्रिम सांध्यातील जंतुसंसर्ग ही अत्यंत दुर्धर आपत्ती होय. स्वेदनही नको. व्रणाभोवतीची त्वचा काही काळ बधिर असते, तीवर भाजल्याचे रुग्णास कळत नाही. अग्निकर्म व जलौकावचारण यांचा विचारही करू नये.

बस्तीविषयी स्वतंत्रपणे सांगावे लागते, कारण वातशमनाचे ते श्रेष्ठ साधन असून मलावरोधही याच काळात असतो. शास्त्रोक्त बस्तिस्थितीत रुग्णास डाव्या कुशीवर निजवून उजवा पाय दुमडावयाचा असतो. उजवा खुबा बदललेला असेल, तर ही नेमकी सांधा निखळण्याची स्थिती होय. डावा बदललेला असेल, तर रुग्ण ताज्या व्रणावर निजतो. दोन्ही बाजूंनी अपायच. म्हणून शल्यवैद्यांनी हालचालींची बंधने उठविण्यापूर्वी बस्तीकर्म करू नये. मलावरोधासाठी कोमट पाणी, भिजविलेल्या मनुका, भाज्यांचे सूप व रुग्णाच्या अन्य औषधांचा विचार करून मृदू अनुलोमन एवढ्यावर भागवावे.

माहिष क्षीर निद्राजननात श्रेष्ठ मानले आहे. अग्नी चांगला असल्यास म्हशीचे दूध अर्धा पेला, निजण्यापूर्वी दीड-दोन तास द्यावे. त्याहून उशिरा दिल्यास मध्यरात्री लघवीस उठावे लागते, आणि या रुग्णाचे प्रत्येक उठणे हे एक जोखमीचे काम असते. मधुमेही रुग्णास ते साखरेविना द्यावे.

अंतर्गत औषधांत अधिक संयम हवा. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो. वृद्ध रुग्ण रात्री उठताच भोवळ येऊन पडण्याची भीती असते. अश्वगंधा, जटामांसी व तगर ही द्रव्ये शामक गोळ्यांसोबत दिल्यास गुंगी वाढू शकते. गुठळी होऊ नये म्हणून या रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी औषधे देतात, ती पुष्कळदा चार-पाच आठवडे चालतात. त्या काळात गुग्गुळाचे कल्प, औषधी मात्रेतील लसूण, सुंठ व हळद यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. स्वयंपाकातील नेहमीच्या प्रमाणास हरकत नाही. चूर्ण, वटी व अर्क यांना आहे. शल्यवैद्यांना कळविल्याविना काहीही सुरू करू नये.

वेदना हे अनिद्रेचे प्रमुख कारण असते. दिलेले वेदनाशामक दुखणे असह्य झाल्यावर घेण्याऐवजी ठरल्या वेळी, निजण्यापूर्वी अर्धा-एक तास घेतल्यास पहिली झोप चांगली लागते. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे व्रणाशेजारी धरण्यास शल्यवैद्य सांगतात. शीतस्पर्शाने वात वाढेल या विचाराने आपण त्यास विरोध करू नये. त्याने सूज उतरते.

दिवास्वप्न आणि वामकुक्षी

दिवास्वप्नाविषयी दोन आचार्यांत वरकरणी विरोध दिसतो. सुश्रुताचार्य व्रणी पुरुषास दिवसा झोपू नये असे सांगतात. त्याने कंडू, जडत्व, शोथ व स्राव वाढतात. चरकाचार्य मात्र क्षत, क्षीण, वृद्ध, शूलार्त, पतित व अभिहत यांना दिवसा झोपेची मुभा देतात. आपला रुग्ण या दोन्ही याद्यांत बसतो. व्यवहारात दोहोंचा मेळ घालता येतो. दुपारी अर्धा तास विश्रांती द्यावी. दोन-तीन तासांची झोप देऊ नये, कारण ती रात्रीच्या झोपेतून वजा होते. बसल्या जागी डुलकी घेणे हे ना रूक्ष ना अभिष्यंदी, असे चरकांनी म्हटले आहे. उंच बैठकीच्या, हात असलेल्या खुर्चीवर अशी डुलकी उत्तम. वामकुक्षी मात्र या काळापुरती विसरावी. बस्तिस्थितीत जे दोष सांगितले, तेच तिच्यातही आहेत.

रात्री सलग झोप न मिळणे पहिले चार-सहा आठवडे बहुतेकांना भोगावे लागते आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत बहुधा सुधारते. एवढे आश्वासन दिल्यानेही रुग्णाची निम्मी चिंता जाते, व चिंता हे अनिद्रेचे कारण आहेच.

तत्काळ रुग्णालयात केव्हा पाठवावे?

१. खुब्यात एकाएकी तीव्र वेदना, पाय आखूड झालेला वा वळलेला दिसणे, उभे राहता न येणे. हा सांधा निखळल्याचा संभव होय. पाय ओढून पाहू नये व हाडवैद्याकडे नेऊ नये. ओढल्याने हाड मोडू शकते व नाडीस इजा होते.

२. पोटरी सुजणे, दुखणे व गरम लागणे.

३. अचानक दम लागणे, छातीत दुखणे. यात एका घटकेचाही विलंब नको.

४. ताप, व्रण लाल होणे, स्राव वा दुर्गंधी.

अशा वेळी रुग्णास आहे त्या स्थितीत, पायांमधील उशी न काढता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून न्यावे. ही सेवा राज्यात २०१४ पासून चालू असून तिच्यावर आपल्या शास्त्राचे अनेक पदवीधर कार्यरत आहेत. आहुपे, तळेघर किंवा नाणेघाटाकडील वाड्यांवर पावसाळ्यात वाहन पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून तेथील रुग्णाच्या घरी रुग्णालयाचा दूरध्वनी, डिस्चार्ज कार्ड व वाहनाची सोय यांची तयारी पहिल्याच भेटीत करून घ्यावी.

समारोप

सांधा बसविण्याचे कौशल्य शल्यवैद्यांचे आहे; तो बसलेला सांधा भरून येईपर्यंत राखण्याचे काम घराचे आहे. त्या घरात जाऊन खाट कोठे ठेवली, उशी किती लांब आहे, वाटेत उंबरा आहे काय, हे पाहणारा मनुष्य गावात बहुधा वैद्यच असतो. त्याने केवळ पुडी बांधून दिली, तर रुग्ण ती घेऊन सुंभाच्या बाजेवर कुशीला निजेल आणि गुंगीमुळे अधिकच गाढ निजेल. याउलट पहिल्या भेटीत पंधरा मिनिटे खर्च करून घरच्यांकडून खाट हलवून घेतली, गोधडीची गुंडाळी करून दाखविली व कूस कशी पालटावी ते एकदा करवून घेतले, तर पुष्कळ रुग्णांना पुडीची गरजच भासणार नाही. आपापल्या गावी असा रुग्ण परत आल्याचे कळताच बोलावण्याची वाट न पाहता वैद्यबंधुभगिनींनी एकदा त्याची शय्या पाहून यावी, ही विनंती.